जुन्या हायवेचं करायचं काय?

"आकाशवाणी चौकापासून अजिंठा चौकापर्यंत सरळ एक उड्डाणपूल टाका आणि मोकळे व्हा," असं नाना म्हणाले आणि परवा कट्टा पेटला.

आम्ही जेवणं आटोपून काव्यरत्नावली चौकात बसतो. मे महिन्यात जळगावात त्याआधी घराबाहेर पडण्यात अर्थ नसतो. विषय निघाला होता बायपासवरून. पाळधी ते तरसोद बायपासमुळे सुरत-नागपूर महामार्गावरचे ट्रक आणि कंटेनर गावाबाहेरून जाणार. मग खोटेनगरपासून पार पलीकडपर्यंत गाव मधोमध चिरत जाणारा जुना हायवे कुणाचा आणि कशासाठी? जळगावापुढचा सध्याचा सगळ्यात मोठा प्रश्न मला हाच वाटतो. म्हणून त्या रात्री जे बोलणं झालं ते आठवेल तसं लिहून काढतोय.

नाना बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. दगाभाऊ अमळनेरकडचे, इथे रिक्षा चालवतात. चिडले की त्यांची मराठी सुटते आणि अहिराणी सुरू होते. प्रशांत प्लॉटिंगच्या धंद्यात. मनीषाताई राहायला महाबळला, शाळा भुसावळला, म्हणजे रोजचं अपडाऊन. चेतन सिव्हिलचा विद्यार्थी. मी एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात हिशेब बघतो.

नानांचं म्हणणं असं, की चौकाचौकात गाड्या अडतात, तर चौक वरून ओलांडावेत. काही ठिकाणी बोगदे झालेच आहेत, राहिलेल्या ठिकाणी पूल टाकावेत.

"नाना, पण पूल कुणासाठी?" चेतननं विचारलं. "नशिराबादकडून येऊन थेट एरंडोलला जाणारी गाडी आता बायपासला लागेल. मग जुन्या हायवेवर कोण उरलं? गिरणा टाकीहून फुले मार्केटला जाणारा, मेहरूणहून स्टेशनला जाणारा, पिंप्राळ्याहून एमआयडीसीत जाणारा. यातल्या प्रत्येकाला मधेच कुठंतरी वळायचंय. वळणारा माणूस पुलावर चढतच नाही. तो खालीच राहणार, आणि खाली पुलाच्या खांबांनी रस्ता अजून अरुंद झालेला."

दगाभाऊ एकदम उसळले, "माले एक सांगा नाना, पूलवर पॅसेंजर कोठे भेटी?"

सगळे हसले, पण नाना गंभीरच होते. ते म्हणाले, "बायपास झाला म्हणजे सगळे ट्रक गेले असं समजू नकोस चेतन. नकाशा डोळ्यापुढे आण. हा बायपास गावाच्या उत्तरेनं जातो, आव्हाणे, ममुराबाद, आसोद्याच्या अंगानं. संभाजीनगरकडून येणारा ट्रक कुठून येतो? दक्षिणेकडून, अजिंठा रस्त्यानं. त्याला बायपास गाठायचा तर अजिंठा चौकात यावंच लागतं. पाचोऱ्याकडून शिरसोलीवरून येणाऱ्यालाही जुन्या हायवेवर यावंच लागतं. तुमच्या एमआयडीसीतला माल त्याच बाजूला. उत्तरेला अर्धं वर्तुळ झालं, दक्षिणेचं अर्धं कुठाय?"

याला कुणाकडेच उत्तर नव्हतं, कारण नाना बरोबर बोलत होते. माझ्या कारखान्यासमोरून बायपासकडे निघालेला ट्रक अजिंठा चौकातूनच जातो, हे मी रोज बघतो. शिफ्ट सुटते त्या वेळी सायकलवर, मोटारसायकलवर, रिक्षात दाटीवाटीनं बसून घरी निघालेले कामगार आणि माल भरून निघालेले ट्रक एकाच चौकात भिडतात. कामगाराच्या हँडलला डबा लटकलेला असतो, एक पाय रस्त्यावर टेकलेला असतो आणि शेजारी त्याच्या कमरेएवढं ट्रकचं चाक फिरत असतं. हायवेलगत गावातल्या गाड्यांना वेगळे समांतर रस्ते हवेत म्हणून या गावात आंदोलनं झाली ती काही हौसेनं नाही. या हायवेनं किती घरं उघडी पाडली हे जळगावकराला सांगावं लागत नाही.

चेतन म्हणाला, "म्हणजे तुम्हीच सांगताय नाना, उत्तर पुलात नाही, दक्षिणेच्या रस्त्यात आहे. आणि तो रस्ता आज नकाशावर आखायला पाहिजे, तिथे घरं उभी राहायच्या आधी."

प्रशांत इतका वेळ मोबाईल बघत होता. 'आखायला पाहिजे' हे शब्द कानावर पडले आणि त्यानं मोबाईल खिशात टाकला.

"आखणं सोपंय रे. ज्याच्या शेतावरून रेघ जाते त्याला विचार. माझ्या काकांच्या जमिनीवर बागेचं आरक्षण पडलं. विकता येईना, बांधता येईना, सरकार घेईना आणि पैसेही देईना. मुलीचं लग्न उसनवारीवर केलं त्यांनी. आरक्षण म्हणजे शेतकऱ्याच्या गळ्याला फास आहे. तुमची वीस वर्षांची, तीस वर्षांची योजना कागदावर छान दिसते, पण ती जगतो तो माणूस वेगळाच असतो."

नानांनी कायदा समजावून सांगितला. महाराष्ट्राचा नगररचना कायदा १९६६ चा. शहराचा विकास आराखडा वीस वर्षांत किमान एकदा नव्यानं करायचा, असं तो सांगतो. त्याच कायद्याचं कलम १२७ म्हणतं, की आराखडा मंजूर होऊन दहा वर्षं झाली आणि आरक्षित जमीन घेतलीच नाही, तर मालकानं खरेदीची नोटीस द्यावी. त्यानंतर चोवीस महिन्यांत घेण्याची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण गळून पडतं.

"तेच तर!" चेतन म्हणाला. "काकांचंही नुकसान झालं आणि गावाचंही. दहा वर्षं काका अडकले, आणि नोटीस दिल्यावर गावाची बाग गेली. आराखडा करणारा एक, पैसे देणारा दुसरा, आणि दोघांची कधी गाठच नाही. कोणती जमीन कोणत्या वर्षी घ्यायची, पैसा कुठून आणायचा, हे आराखड्यातच लिहिलेलं असेल तर कुणाचा फास होणार नाही."

मग त्यानं अहमदाबादचं सांगितलं. तिथे शेताच्या कडेकडेनं रस्त्याची पट्टी काढून घेत नाहीत. एका भागातल्या सगळ्या जमिनी एकत्र धरतात, प्रत्येक मालक आपल्यातला काही हिस्सा रस्ते, बाग, शाळेसाठी सोडतो, आणि बाकीची जमीन नीट आकाराचा, रस्त्याला लागून असलेला प्लॉट म्हणून त्याला परत मिळते. नगर रचना योजना म्हणतात त्याला. आपल्या कायद्यातही ती तरतूद आहे, आपण ती क्वचित वापरतो. एकट्याची पूर्ण जमीन जात नाही, आणि शेजाऱ्याला फुकटचा फायदाही होत नाही.

"हिस्सा किती जातो?" प्रशांतनं विचारलं. मघाचा राग आवाजातून उतरला होता.

"योजनेप्रमाणे वेगळा. पण तुझ्या काकांसारखी शंभर टक्के अडकत नाही."

"असं असेल तर बोलू शकतो," प्रशांत म्हणाला. "आसोद्याच्या रस्त्याला आज जो तो आपापल्या तुकड्याचा लेआऊट टाकतोय. एकाचा रस्ता दुसऱ्याच्या भिंतीला जाऊन धडकतो. मी धंद्यातला आहे म्हणून सांगतो, असं बरंच झालंय."

आसोद्याचं नाव निघाल्यावर भरताच्या वांग्यांची आठवण निघणारच. आसोद्याची ती वांग्यांची शेतं बायपासच्या कडेनं किती वर्षं टिकतील, असं मनीषाताईंनी विचारलं. प्रशांत म्हणाला, चांगला भाव आला की शेतकरी विकणारच, आणि त्याला दोष देता येणार नाही. मला मात्र वाटतं, गाव कोणत्या बाजूला वाढू द्यायचं हे ठरवणं हासुद्धा वाहतुकीचाच भाग आहे. बायपासच्या दोन्ही अंगांना कॉलन्या पसरल्या तर पुढच्या पिढीला तोही गावातलाच हायवे होऊन बसेल आणि पुन्हा समांतर रस्ते मागायची वेळ येईल. एकदा हे आपण भोगलं आहे. २००१ च्या जनगणनेत जळगाव पावणेचार लाखांच्या आत होतं, २०११ ला ४ लाख ६० हजारांवर गेलं. गाव वाढतच राहणार, आणि ते कुठे वाढेल हे ज्याच्या हाती प्लॉट आहे त्यानं ठरवायचं, ही पद्धत मला मान्य नाही. प्रशांतसमोर मी हे बोललो आणि त्याला ते झोंबलंही.

मग मनीषाताईंनी वेगळाच मुद्दा काढला, आणि मला विचाराल तर त्या रात्रीचा सगळ्यात मोलाचा.

"तुम्ही सगळे रस्त्याबद्दलच बोलताय. मी सकाळी भुसावळला जाते ती गाडीनं. सव्वीस किलोमीटरचं अंतरही नाही. गाडी मिळाली तर अर्ध्या तासाच्या आत पोचते. पण घरातून स्टेशनला यायला आणि तिकडे स्टेशनवरून शाळेत जायला तेवढाच वेळ लागतो, आणि पैसे रेल्वेच्या पासापेक्षा जास्त. रेल्वे माझी उत्तम आहे. रेल्वेच्या दोन्ही टोकांना काहीच नाही."

"आम्ही नही का?" दगाभाऊ.

"तुम्ही आहात भाऊ. पण तुम्ही चार पॅसेंजर भरल्याशिवाय निघत नाही, आणि माझी गाडी थांबत नाही."

यावर दगाभाऊंचं उत्तर प्रामाणिक होतं. स्टेशन ते महाबळ एका माणसामागे जे मिळतं त्यात डिझेल-गॅस सुटत नाही. तीन मागे आणि एक आपल्या बाजूला बसवला तरच दिवस निघतो. बसवू नये हे त्यांना कळतं, पोलीस धरतो तेही कळतं. "पण शहर बस आणशात तं आमना पोटनं काय?"

हा प्रश्न टाळून कुठलीही योजना पुढे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. या गावात शहर बस मागे आली आणि बंदही पडली. त्या सगळ्या काळात माणसांना इकडून तिकडे नेलं ते रिक्षांनी आणि खेड्यापाड्यांच्या रस्त्यावर कालीपिलीनं. आता केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेली, १६९ शहरांसाठी १० हजार विजेच्या बस. तीन लाखांवरची गावं तिच्यात बसतात, आणि जळगावचंही नाव आहे. बस चालवण्याच्या खर्चाला केंद्र दहा वर्षं हातभार लावणार, म्हणजे मदत २०३७ पर्यंत कधीतरी संपणार. त्यानंतर ती बस आपल्या गावाच्या बळावर चालायला हवी.

"आणि ती चालणार नाही," नाना म्हणाले. "तिकिटावर कुठल्याच गावची बस चालत नाही."

"भरलेली असेल तर तोटा कमी होतो," चेतन म्हणाला. "भरायची कशी ते ठरवायला पाहिजे. बस गल्लीबोळातून फिरवली तर ती रिक्षाशी भांडत बसणार आणि दोघेही मरणार. जुना हायवे आहे ना, तोच बसचा कणा करा. खोटेनगर, आकाशवाणी, इच्छादेवी, अजिंठा चौक. सरळ रेघ, ठरलेली वेळ, दर काही मिनिटांनी एक बस. गल्लीतून हायवेपर्यंत आणायचं काम दगाभाऊंच्या रिक्षांचं. त्यांना लांबची फेरी सोडावी लागेल, पण जवळच्या फेऱ्या दुप्पट होतील. प्रत्येक थांब्याशेजारी रिक्षा स्टँड नकाशावरच दाखवा."

दगाभाऊ लगेच हो म्हणाले नाहीत. जवळच्या फेरीत गाडी जास्त वेळा चालू-बंद होते, क्लच जातो, हे त्यांनी सांगितलं. पण "नकाशावर स्टँड" हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. आज स्टँड म्हणजे जिथून हाकललं जात नाही ती जागा.

चेतननं ब्राझीलमधल्या कुरितिबाचं उदाहरण दिलं. साठच्या दशकात ते गाव आजच्या आपल्या जळगावएवढंच होतं, चार-पाच लाखांचं. तेव्हाच त्यांनी ठरवलं, की गाव ठरावीक सरळ रस्त्यांच्या कडेनंच उंच आणि दाट वाढू द्यायचं, आणि त्या रस्त्यांच्या मधून फक्त बससाठी पट्टा राखायचा. १९७४ मध्ये पहिली बस त्या पट्ट्यातून धावली. मेट्रोला पैसे नव्हते म्हणून बस, पण जागा मात्र गाव लहान होतं तेव्हाच धरून ठेवली.

"पुण्यातही पट्टा केला होता ना बसचा?" प्रशांत म्हणाला. "काय झालं त्याचं?"

खरं आहे. पुण्यात देशात सगळ्यात आधी, २००६ च्या सुमारास बसचा पट्टा आला आणि तुकड्यातुकड्यात राहिला. पट्टा मधेच संपायचा, बस पुन्हा गर्दीत शिरायची, आणि मोटारसायकली पट्ट्यात घुसायच्या. अहमदाबादनं २००९ ला सुरू केलं आणि सलग जाळं वाढवत नेलं. चेतनचं म्हणणं, सलगपणाशिवाय बसला अर्थ नाही. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. भरायला वस्ती जवळ हवी, थांब्यापर्यंत चालत यायला सावली हवी.

सावलीवर मी जरा जास्तच बोललो, पण हा विषय बाहेरच्या कुठल्या पुस्तकातून येणार नाही, तो आपणच घालायला हवा. पंचेचाळीस डिग्रीत दुपारी दोनला स्टीलच्या बाकड्यावर हात टेकून बघा. पोळतो. पत्र्याच्या शेडखाली उभं राहिलं तर वरून झळ येते. एखादी म्हातारी औषधाची पिशवी घेऊन पाचशे पावलं चालून थांब्यावर आली आणि तिथे कडुनिंबाचं एक झाड नसेल, तर ती दुसऱ्या दिवशी रिक्षाच करणार, किंवा दवाखान्यातच जाणार नाही. रस्ता रुंद करताना पहिली जातात ती झाडं. जुन्या हायवेची जागा गावाच्या हाती आली तर गाड्यांसाठी अजून एक लेन वाढवण्याआधी दोन्ही बाजूंना झाडांची रांग आणि सलग पायवाट हवी. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातसुद्धा माणसं हलवायची, वाहनं नव्हे, असंच सांगितलं आहे. खान्देशात चालणारा माणूस हलवायचा तर आधी त्याच्या डोक्यावरचं ऊन हलवावं लागतं.

नाना म्हणाले, "झाडांना पाणी कोण घालणार?" मग तो वाद वेगळाच रंगला, तो सोडतो.

मनीषाताईंनी पुन्हा रेल्वेवर आणलं. त्यांनी रिकाम्या चहाच्या ग्लासाच्या ओल्या बुडानं कट्ट्यावर एक वर्तुळ उमटवलं, हे जळगाव. त्यातून बोटानं तीन रेघा ओढल्या. एक भुसावळकडे, मधे भादली. एक पाचोऱ्याकडे, पहिलं शिरसोली. एक सुरतकडे, पहिलं पाळधी. "तीन दिशांना रूळ आहेत, तीन स्टेशनं आधीपासून उभी आहेत. भुसावळच्या बाजूला तर नव्या मार्गिकाही टाकल्या. मुंबईला लोकलसाठी जे शून्यातून करावं लागतं ते आपल्या अंगणात पडून आहे. सकाळ-संध्याकाळ चार-चार मेमू, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या लोकलसारख्या गाड्या, या तीन दिशांना सोडल्या तर गावाबाहेर राहणाऱ्यानं मोटारसायकल कशाला काढावी? वाढायचंच असेल तर गाव भादलीच्या, शिरसोलीच्या, पाळधीच्या स्टेशनभोवती वाढू दे."

मला हे इतकं पटलं की मी अजून त्याच विचारात आहे. भुसावळ २०११ ला १ लाख ८७ हजारांचं. जळगाव आणि भुसावळ मिळून एकच गाव धरलं तर मधली आणि भुसावळपलीकडची सगळी माणसं, नशिराबादचे, दीपनगरचे, वरणगावचे, एका हिशेबात येतात. आज ती कुणाच्याच हिशेबात नाहीत. महापालिकेची हद्द संपली की आराखडा संपतो, आणि अपडाऊन करणाऱ्याचा प्रवास तर नेमका हद्दीपाशी सुरू होतो.

"पण मेमूचा मालक रेल्वे," नाना म्हणाले. "बायपास महामार्ग प्राधिकरणाचा. जुना हायवे आधी त्यांचा, मग सोपवला की राज्याचा. गावातले रस्ते पालिकेचे. बसस्थानक एसटीचं. रिक्षाचं परमिट आरटीओचं. सिग्नल पोलिसांचा. बायपासच्या कडेची शेतजमीन महसूल खात्याच्या हिशेबात. मी नोकरीत होतो तेव्हा शेजारच्या खात्यानं रस्ता खोदला हे आम्हाला पेपरात वाचून कळायचं. या सगळ्यांना एका टेबलाला बसवेल असा माणूस दाखवा, मी उड्डाणपुलाचा हट्ट सोडतो."

शिवाजीनगरचा जुना पूल पाडला तेव्हा हेच दिसलं होतं. एक पूल बंद झाला आणि रुळापलीकडचं अख्खं उपनगर वळसे घालू लागलं. नवा होईपर्यंत शाळेची पोरं, बाजाराच्या बाया, दवाखान्याचे रुग्ण सगळे त्याच वळशातून. रेल्वेनं आपलं काम केलं, बांधकाम खात्यानं आपलं केलं. मधल्या काळात माणसांनी जायचं कसं, हे ठरवणं कुणाचंच काम नव्हतं.

दहा लाखांवरच्या शहरांत अशा सगळ्या खात्यांचं मिळून एक वाहतूक प्राधिकरण असावं, असं केंद्राचं धोरण सांगतं. आपण त्या आकड्यात बसत नाही. चेतन म्हणाला, दहा लाख व्हायची वाट बघितली तर तोवर सगळी जागा भरलेली असेल. लहान असतानाच प्राधिकरण स्वस्त पडतं, कारण तेव्हा तोडायला काही नसतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक कायमची समिती, तिच्या हाताखाली दोन-तीन शिकलेली माणसं आणि सगळ्या खात्यांना बांधील असलेला एकच नकाशा, एवढ्यानं सुरुवात होते. प्रशांतनं त्यात भर घातली, की लेआऊट मंजुरीची सही त्या नकाशावर टेकवूनच व्हावी, नाहीतर नकाशा कपाटात राहील. हे त्यानं स्वतःहून सांगितलं, याचं मला फार बरं वाटलं.

साडेअकरा वाजले. चहावाल्यानं स्टोव्ह बंद केला होता. ठरलं ते असं, की शहराच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतील तेव्हा मुदत फक्त तीस दिवसांची असते, म्हणून अर्ज आत्ताच लिहून ठेवायचा. जुन्या हायवेवर बसचा सलग पट्टा आणि झाडांसह पायवाट. दक्षिणेचा वळण रस्ता नगर रचना योजनेतून. भादली, शिरसोली, पाळधीला मेमू आणि स्टेशनाबाहेर बस-रिक्षाची जागा. एकच नकाशा, एकच समिती. नानांनी खर्चाचा कच्चा अंदाज काढायचं कबूल केलं, पण अजिंठा चौकात एक पूल लागेलच, हे त्यांनी खाली त्यांच्या नावानं वेगळं लिहायला लावलं. चेतन ते मान्य करायला तयार नव्हता, आणि अजूनही नाही.

दगाभाऊ जाता जाता परत फिरले. रिक्षा स्टँडची लांबी अर्जात लिहा म्हणाले, नुसतं "जागा" लिहू नका. दहा रिक्षा एकामागे एक उभ्या राहतील एवढी, वर सावली, आणि बाजूला एक पाण्याचा नळ.